मामांचं बोट आणि मामीची पावडर

स्टँडवर दिवस उजाडायचा तो मामांच्या बोटाने. पहिला चहा यायच्या आधी मामा शर्टाची उजवी बाही दुमडत, रांगेतल्या पहिल्या टॅक्सीच्या मागे उकिडवे बसत आणि सायलेन्सरच्या नळीत तर्जनी घालून एकदा गोल फिरवत. मग बोट उजेडाकडे धरून निकाल. राखाडी निघालं तर, "पोट साफ आहे. जा." काळं निघालं तर, "हिला काल काय पाजलंस रे?" आणि तेलकट निघालं तर मामा काहीच बोलत नसत. दुसऱ्या, स्वच्छ हाताने ड्रायव्हरच्या खांद्यावर हळूच थोपटत. तो बिचारा त्या दिवशी गिऱ्हाईक सोडून थेट गॅरेज गाठत असे.

ही विद्या मामांना त्यांच्या उस्तादाने दिली होती आणि तिच्यात खोटं काहीच नव्हतं. शिशाचं पेट्रोल पिणारं इंजिन ठणठणीत असलं की नळीच्या आत फिकट राखाडी थर बसतो. मामांची स्वतःची टॅक्सी या बाबतीत आदर्श होती. तिच्या नळीतला थर इतका एकसारखा होता, की नवीन ड्रायव्हर स्टँडवर आला की मामा त्याला आधी तो दाखवत आणि मग रांगेचे नियम सांगत.

मामा स्टँडचे अध्यक्ष होते आणि स्टँडवरचे सगळे त्यांना मामाच म्हणत. खरी भाची मात्र एकच होती. ती मामांच्या मालकीची दुसरी टॅक्सी चालवायची. मामा सगळ्यांचे मामा, म्हणून तीही सगळ्यांची भाची झाली होती. डोक्यावर केस न उरलेले ड्रायव्हरही तिला "ए भाची, गाडी पुढे घे" म्हणत आणि ती "घेते हो, आजोबा" म्हणत असे.

टॅक्सी मामांच्या नावावर आहे, ही गोष्ट भाचीला दिवसातून निदान एकदा तरी टोचायची. मामांचा तसा काही त्रास नव्हता. पण गाडीत आरसा कसा लावावा, गिअर कधी बदलावा, गिऱ्हाइकाशी किती बोलावं, यावर मालकाची मतं असतात आणि मामांची जरा जास्तच होती. तिने नाव बदलून देण्याचा विषय काढला, की मामा म्हणत, "देणारच आहे गं. आधी तुझा हात बसू दे." तिचा हात बसून इतकी वर्षं झाली होती, की क्लचची दुसरी प्लेट झिजत आली होती.

अशातच सरकारने शिशाचं पेट्रोल बंद करायचं ठरवलं. स्टँडला लागून एक शाळा होती. तिथल्या पोरांचं रक्त तपासलं, तर त्यात नको तेवढं शिसं निघालं. मग एक डॉक्टर स्टँडवर आले आणि धुरातलं शिसं मुलांच्या मेंदूवर कसा परिणाम करतं ते सगळ्यांना समजावून सांगून गेले. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. डॉक्टरांची पाठ वळल्यावर ते म्हणाले, "आयुष्यभर मी हाच धूर खातोय. माझ्या डोक्यावर काही परिणाम झालाय का?"

कोणीच उत्तर दिलं नाही. फार वेळ कोणीच दिलं नाही, तेव्हा मामा चहा घ्यायला निघून गेले.

मामांचं म्हणणं सरळ होतं. शिसं हे इंजिनाचं औषध आहे. ते बंद केलं की व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या बैठका झिजणार, इंजिन धापा टाकणार आणि एक दिवस भर चौकात मान टाकणार. यातलंही अर्धं खरं होतं. जुन्या इंजिनातल्या मऊ बैठकांना शिशाची सवय होती. पण त्या काढून कडक पोलादाच्या बसवल्या, की बिनशिशाच्या पेट्रोलवर गाडी मजेत चालते. हे अर्धं मामा ऐकून घेत नसत. गावातल्या पंपांवर बिनशिशाचं आलं, तसे मामा गावाबाहेरच्या एका पंपावर जाऊ लागले. तिथल्या जुन्या टाकीत अजून शिशाचं शिल्लक होतं, आणि ते संपत कसं नाही, हे विचारायचं नाही असा तिथला रिवाज होता.

भाचीने ते दुसरं अर्धं ऐकलं होतं. मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते घरी डोळ्यावर पट्टी बांधून पडले, तेव्हा तिने टॅक्सी गॅरेजमध्ये नेली, इंजिनाचं हेड उतरवून घेतलं, सगळ्या बैठका बदलल्या आणि टाकी पूर्ण रिकामी करून बिनशिशाचं भरलं. सायलेन्सरही नवा टाकला. मामांना पत्ता नव्हता. पट्टी सुटेपर्यंत सगळं आटोपलं होतं आणि गाडी तर पूर्वीपेक्षा मऊ चालत होती.

अडचण एकच झाली. नळी काळी पडायला लागली.

तसं ते साहजिक होतं. शिसं नाही म्हणजे राखाडी थर नाही, उरते ती साधी काजळी. पण दुसऱ्या दिवशी मामा कामावर यायचे होते आणि त्यांचं बोटही. आदल्या संध्याकाळी भाची घरात डोकं धरून बसली असताना तिची नजर मामीच्या आरशापुढच्या डब्याकडे गेली. गुलाबाच्या वासाची पावडर होती. तिने जुन्या रुमालावर थोडी घेतली, खाली गेली आणि नळीत आतून फिरवली. काजळी आणि पावडर मिळून इतका सुरेख राखाडी रंग आला की तिलाच स्वतःचं कौतुक वाटलं.

सकाळी मामांनी बोट घातलं, उजेडात धरलं, मग नाकाशी नेलं.

"वास बघ," ते शेजारच्या ड्रायव्हरला म्हणाले. या ड्रायव्हरचं तोंड झोपेतही बंद नसायचं, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. "कसा येतोय?"

"चांगला येतोय, मामा. पाहुण्यांकडे गेल्यासारखं वाटतंय."

"याला म्हणतात जळण! कोण म्हणतं शिसं वाईट? सांगा त्या डॉक्टरला."

तेव्हापासून भाची रोज पहाटे गाडीला पावडर लावू लागली. स्वतःला लावायला तिला कधी वेळ मिळत नसे. मामी डब्याकडे बघून चकित व्हायची. "माझी पावडर जाते कुठे कळत नाही," ती म्हणायची. "मामा लावतात का बघ गं चोरून. ऑपरेशनपासून आरशात फार बघतात."

मग तपासणीची नोटीस लागली. स्टँडवरच्या प्रत्येक टॅक्सीचा धूर परिवहन खात्याच्या आवारात तपासला जाणार होता. यंत्राने धुरातला विषारी वायू मोजायचा आणि एका कागदी पट्टीने नळीत शिसं आहे का ते पाहायचं. पट्टी लाल झाली की परवाना निलंबित आणि त्या गाडीचे बाकीचे सगळे अर्ज बाद.

बाकीचे अर्ज म्हणजे काय, ते भाचीला चांगलंच ठाऊक होतं. कारण नोटीस लागली त्याच दिवशी मामांनी रेडिओच्या आणि सगळ्या स्टँडच्या समोर जाहीर केलं होतं, "तपासणीत गाडी पास झाली की तिथेच लगेच हिच्या नावाचा अर्ज देतो. आता हात बसलाय पोरीचा." आणि खरोखरच त्यांनी सही करून अर्ज तिच्या हातात ठेवला. रेडिओने ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर केली. आता माघार घेणं मामांनाही शक्य नव्हतं.

भाचीला स्वतःच्या गाडीची काळजी नव्हती. रात्रंदिवस घोर होता तो मामांच्या गाडीचा. त्यांच्या नळीत तर शिशाची खाणच होती. "मामा, निदान महिनाभर तरी गावातलं पेट्रोल भरा," तिने सांगून पाहिलं.

"कागदाच्या चिटोऱ्याला घाबरून औषध बंद करू?" मामा म्हणाले. "तू तुझी गाडी सांभाळ."

तपासणीच्या सकाळी भाचीने ठरवून पावडर लावली नाही. आज नळी जशी आहे तशीच दिसायला हवी होती. आज सगळे गडबडीत असतील, मामा बोट घालायला फिरणार नाहीत, असा तिचा हिशेब होता. गाडी स्टँडवर लावून ती कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला गेली. दुकानात गर्दी होती, वेळ लागला. परत आली तेव्हा मामा नळावर कोपरापर्यंत हात घासून धूत होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून चमच्याचा दांडा डोकावत होता.

"चमचा कशाला, मामा?"

"चहा ढवळायला."

"तुम्ही तर बिनसाखरेचा पिता."

"म्हणून ढवळू नये का?" मामा म्हणाले आणि घाईघाईने आपल्या गाडीत जाऊन बसले. आवार पलीकडच्याच वळणावर होतं. गाड्या ढकलत नेल्या असत्या तरी चाललं असतं.

आवारात एका टेबलामागे तपासणीच्या मॅडम बसल्या होत्या. शेजारी चाकाच्या गाडीवर यंत्र, त्याला लांब रबरी नळी, आणि टेबलावर पट्ट्यांची डबी. त्यांचं काम संथ आणि स्वच्छ होतं. यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये घालायची, आकडा बघायचा, लिहायचा. मग चिमट्यात पट्टी धरायची, तिच्यावर बॅटरीत घालतात त्या पाण्याचा थेंब टाकायचा, पट्टी नळीच्या आत दाबून धरायची आणि बाहेर काढून पाहायची. बोलायचं काही नाही.

मामा अध्यक्ष, म्हणून त्यांची गाडी पहिली. यंत्राचा आकडा मर्यादेत आला. मामा गाडी ट्यून ठेवायचे, त्याबद्दल वाद नव्हता. मग मॅडमनी पट्टी आत दाबली. भाचीने डोळे मिटले.

"पास," मॅडम म्हणाल्या.

भाचीने डोळे उघडले. पट्टी कोऱ्या कागदासारखी फिकट होती. हे कसं झालं? कालपर्यंत ज्या नळीत शिशाचा मुलामा होता, तिथे आज काहीच नाही? तेवढ्यात रेडिओने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मामांनी पासचा कागद चौकोनी घडी करून चमच्याशेजारी खिशात ठेवला आणि असा चेहरा केला, की जणू विज्ञानाला त्यांनी माफ केलं होतं.

दुसरी गाडी भाचीची. यंत्राचा आकडा इतका खाली आला, की मॅडमनी यंत्रावर एक टिचकी मारून पुन्हा पाहिला. "छान ठेवलीय गाडी," त्या म्हणाल्या. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं जादा वाक्य होतं. भाचीच्या हातात नाव बदलायचा अर्ज तयार होता. मॅडमनी पट्टी आत दाबली आणि बाहेर काढली.

पट्टी लालभडक झाली होती.

"नापास," मॅडम म्हणाल्या आणि पेन उचललं.

भाची टेबलाशी धावली. "थांबा, मॅडम! असं होऊच शकत नाही. माझ्या गाडीत..." एवढं बोलून ती अडखळली. मामा शेजारीच उभे होते. सांगावं तर मामांसमोर चोरी कबूल होते, न सांगावं तर गाडी जाते. तिने एकदा अर्जाकडे पाहिलं आणि एका दमात बोलून टाकलं. "माझ्या गाडीत शिशाचा थेंब नाही. कित्येक महिने बिनशिशाचंच भरतेय. बैठका बदलल्यात, सायलेन्सर नवा आहे."

मामांनी मान सावकाश वळवली. "कधी बदललंस?"

"तुमच्या ऑपरेशनच्या वेळी."

"माझ्या डोळ्यावर पट्टी होती तेव्हा?"

"हो, मामा."

"आणि रोज सकाळी जे राखाडी निघायचं ते काय होतं?"

भाचीने खाली पाहिलं. "मामीची पावडर."

मग रेडिओ खाली बसला. त्याला उभं राहून हसणं जमत नव्हतं. "गुलाब!" तो पोट धरून म्हणाला. "मामा, तुम्ही मला वास घ्यायला लावला होता! गुलाब!"

मामांचे कान लाल झाले. ते पट्टीपेक्षा थोडे फिकट असतील, इतकंच.

मॅडमनी पेन खाली ठेवलं नव्हतं. "पावडरने पट्टी लाल होत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला शिसंच लागतं."

"पण आज पावडरही लावली नव्हती!" भाची रडकुंडीला आली. "आज नळी काळी होती. नुसती काळी!"

"होती ना," मामा हळूच म्हणाले.

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी खिशातून चमचा काढला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. चमच्याच्या खोलगट भागात फिकट राखाडी पूड चिकटलेली होती.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"माझं आहे. म्हणजे माझ्या गाडीतलं. सकाळी हिच्या नळीत बोट घातलं तर काळंकुट्ट! काल राखाडी आणि आज काळं. मला वाटलं, इंजिन रात्रीत गेलं. आजच तपासणी आणि आजच पोरीची गाडी व्हायची. काळं तोंड घेऊन कशी पास होणार ती? मग माझ्या नळीतला सगळा थर खरवडून हिच्या नळीला लावला. आणि ओरखडे दिसू नयेत म्हणून माझी नळी रॉकेलच्या फडक्याने पुसून घेतली." मामा जरा थांबले. "अस्सल माल होता हो. कित्येक वर्षांचा."

मॅडमनी चमच्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं.

"तुमच्या घरात एकमेकांच्या नळीत काही ना काही घालायची पद्धतच आहे का?"

"मॅडम, माझं काही म्हणणं नाही," मामा म्हणाले. "हिची गाडी पास करा म्हणजे झालं."

"असं बोलण्यावर पास करता येत नाही. पट्टी लाल झाली की प्रत्येकाकडे गोष्ट तयार असते. तुमची जरा बरी आहे, एवढंच."

"मग टाकी तपासा. टाकीत तर कोणी चमचा घालत नाही ना?" मामा म्हणाले.

"तपासता येते. टाकीसाठी माझ्याकडे वेगळ्या पट्ट्या आहेत." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पण तुम्ही जे सांगितलंत, त्यानंतर मला तुमचीही टाकी तपासावी लागेल. दोन्ही, नाहीतर एकही नाही."

आता रेडिओचं हसू थांबलं. त्याने मामांची बाही ओढली. "मामा, गप्प बसा. तुमचा पास खिशात आहे. पोरीची गाडी काय, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासतील."

"आणि अर्ज? तो तर आजच बाद होतोय," भाची म्हणणार होती, पण म्हणाली नाही. मामांच्या टाकीत काय आहे ते तिला ठाऊक होतं. नापास झालेल्या अध्यक्षाचं बोट स्टँडवर कोण मानेल, हेही कळत होतं. ती म्हणाली, "जाऊ द्या, मामा. माझीच चूक आहे. मी तुम्हाला फसवलं."

"फसवलंस," मामा म्हणाले. "आणि तेही मामीच्या पावडरने." त्यांनी खिशातला पासचा कागद काढला, घडी उलगडली, एकदा डोळे भरून पाहिला आणि चमच्याखाली ठेवला. कागदावर गाडीची किल्ली ठेवली. "घ्या, मॅडम. आधी हिची."

भाचीच्या टाकीतल्या पेट्रोलने पट्टी नुसती ओली झाली. मामांच्या टाकीतल्या पेट्रोलने ती अशी लाल झाली, की भाचीच्या नळीतली पट्टी तिच्यापुढे गुलाबी म्हणावी लागली. मॅडमनी भाचीची नळी फडक्याने पुसायला लावली आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवून नव्या पट्टीने पुन्हा पाहिली. मग मामांच्या पासवर आडवी रेघ मारली आणि तिला नवा पास लिहून दिला. अर्जावर शिक्का बसला. बैठका बदलून टाकी स्वच्छ करेपर्यंत मामांची टॅक्सी आवारातच राहणार होती.

घरी जायला मामा भाचीच्या गाडीत बसले. मागे, गिऱ्हाइकासारखे.

"पुढे या ना, मामा."

"गाडी तुझी, धंदा तुझा. मीटर टाक."

"काहीतरीच काय!"

"टाक म्हणतो ना. मालकाने सुरुवातीलाच मुरवत धरली की धंदा बसतो. आणि आरसा जरा डावीकडे घे."

भाचीने मीटर टाकला. आरसा होता तिथेच ठेवला. मामांनी ते पाहिलं आणि तोंड मिटून खिडकीबाहेर बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चालते मात्र मऊ." दारात उतरताना ते म्हणाले, "भाडं मामीकडून घे. पावडरचे पैसे वजा करून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्टँडवर वेळेवर आले. गाडी नव्हती, पण बोट होतं. त्यांनी उजवी बाही दुमडली, पहिल्या टॅक्सीच्या मागे बसले, तर्जनी गोल फिरवली आणि उजेडात धरली.

"काळं," ते म्हणाले. "उत्तम! असंच पाहिजे."

"पण मामा, काळं म्हणजे तर..." कोणीतरी म्हणालं.

"ते शिशाच्या पेट्रोलचं. बिनशिशाच्याला कोरडं काळं हेच चांगलं. मी काय आज बघतोय का नळ्या?"

भाचीच्या गाडीत काळं निघालं, तेव्हा मामांनी बोट नाकाशी नेलं, वास नाही अशी खात्री करून घेतली आणि मान डोलावली. रांगेत शेवटी रेडिओची टॅक्सी होती. तिची तपासणी पुढच्या आठवड्यात होती, आणि बिनशिशाची नळी काळी असते हे त्याने काल आवारात ऐकलं होतं. मामांनी बोट घातलं आणि बाहेर काढलं. काळं होतं. इतकं काळं, इतकं गुळगुळीत आणि इतकं चकाकणारं, की त्यात त्यांना स्वतःचा चष्मा दिसला असता.

मामांनी बोट नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता. त्यांनी रेडिओच्या पायांकडे पाहिलं. एरवी लखलखणारे त्याचे बूट आज धुळीने माखलेले होते.

"पॉलिश सगळं इथेच संपवलंस," मामांनी विचारलं, "की बुटांनाही थोडं ठेवलंयस?"